पाचवी नळी

माझ्या वडिलांचं हृदय चौऱ्याहत्तर मिनिटं बंद होतं. आमच्या घरात त्या चौऱ्याहत्तर मिनिटांवर जेवढं बोलणं झालंय, तेवढं त्यांच्या बाकीच्या चोपन्न वर्षांवर झालेलं नाही. त्यातलं निम्मं बोलणं म्हणजे भांडण होतं, आणि ते बहुतेक मीच सुरू केलेलं होतं.

मी पत्रकं लिहिते. भाईंदरच्या किनाऱ्याला, उत्तनच्या अलीकडे-पलीकडे जी गावं आहेत त्यातल्या चौक नावाच्या गावात आमचं घर. बसच्या फेऱ्या कमी केल्या, पत्रक. दवाखान्यात दुपारनंतर डॉक्टर नसतो, पत्रक. कागदाची एक बाजू, वर जाड अक्षरात एक प्रश्न, खाली तीन मागण्या. पूर्वी तळाला 'आपले नम्र' असायचं, ते मी काढून टाकलंय. नम्र राहून आम्हाला काय मिळालं? कॉलेजात असताना एका संघटनेत हे सगळं शिकले. तिथला पहिला धडा असा होता की वाचणारा उभा असतो, त्याला बस पकडायची असते, म्हणून मधलं सगळं कापायचं. सुरुवात आणि शेवट ठेवायचा.

पप्पा तांडेल. बोटीवर सात-आठ खलाशी आणि त्यांचा प्रमुख हा. लहानपणी कधीतरी ताप आला होता, त्याने हृदयाची एक झडप आतून खराब करून ठेवली, आणि ते समजायला चाळीसेक वर्षं गेली. गेल्या वर्षी जाळं ओढताना ते मटकन खाली बसले. मग भाईंदरला तपासणी, मग मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तारीख. छाती उघडून झडप बदलायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, वॉर्डात एक मुलगी आली. माझ्याच वयाची. अंगात पांढरा कोट, हातात प्लास्टिकचा फोल्डर. मम्मीने तिला लगेच "या डॉक्टर" म्हणून स्टूल दिलं. ती म्हणाली, "मी डॉक्टर नाहीये काकी, पीएचडी करतेय." मम्मीच्या चेहऱ्यावरून अर्धा मान उतरला, पण स्टूल तिने परत घेतलं नाही.

मुलीचं म्हणणं असं: पप्पांचं रक्त पाच वेळा हवंय. ऑपरेशनआधी एकदा. हृदय परत चालू झालं की लगेच एकदा. अतिदक्षता विभागात काही तासांनी एकदा. दुसऱ्या दिवशी एकदा. आणि मग एक महिन्याने. दर वेळी चमचाभर.

"कशाला?" मी विचारलं.

"मायक्रोआरएनए मोजायला. खूप छोटे रेणू असतात. हृदयाला इजा झाली की त्यातले काही रक्तात येतात. मशीनवरच्या ऑपरेशनमध्ये ते कसे वरखाली होतात ते आम्ही बघतोय."

"आणि बघून झाल्यावर आम्हाला सांगणार?"

"नाही. वैयक्तिक निकाल देत नाही. फॉर्मवर आहे, मुद्दा नऊ."

मी मुद्दा नऊ वाचला. 'सहभागींस वैयक्तिक निष्कर्ष अवगत करून देण्यात येणार नाहीत.' ही भाषा मी ओळखते. पाणी द्यायचं नसलं की आम्हाला याच भाषेत पत्र येतं.

"म्हणजे रक्त त्यांचं, छाती त्यांची आणि आकडा तुमचा?" मी म्हटलं. आवाज चढला असणार, कारण शेजारच्या खाटेवरचे गुजराती काका उठून बसले. "मासळी पण कोणी अशी फुकट उचलत नाही. गरीब माणूस दिसला की घाला सुई."

"गरीब कोनाला बोलतंस?" पप्पा म्हणाले. त्यांना राग आला तो एवढ्याच शब्दाचा. मग ते त्या मुलीकडे वळले. "तू बस गो. हिचं सोड, ही झोपेत पन मोर्चा काडते. मना सांग. माजा हार्ट बंद करनार, बरोबर? बंद असल तवा तेला तरास होतो का न्हाय, ते ह्या रक्तात दिसल?"

मुलीने फोल्डर मांडीवर ठेवला. "तेच शोधतोय काका."

"आनि महिन्यान बघनार ते, तरास गेला का न्हाय म्हनून?"

"हो. खाली आलं का ते बघायला."

"मग घे," पप्पा म्हणाले, आणि मी मुद्दा दहा वाचत असताना त्यांनी सही केली.

त्यांना हृदय-फुप्फुसाचं मशीन सर्जनने आधीच समजावलं होतं, पण ते त्यांनी स्वतःच्या पद्धतीने पक्कं करून घेतलं होतं, आणि त्या मुलीला त्यांनी तेच ऐकवलं. "मशीन म्हंजे दुसरी बोट. आपलं इंजिन बंद करायचं, तिला दोरी टाकायची, ती आपल्याला वढून आनते. तवर मेकॅनिक खाली बसून काम करतो. पन वढत आनलेल्या बोटीला पन मार बसतो. कुटं बसला, ते बंदरात आल्यावर समजतं."

मुलीने फोल्डर मिटला. "काका, हे मी माझ्या भाषणात वापरू?"

"वापर. हिला विचारू नको, ही त्याचा पन फॉर्म मागल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. बाहेर लाल प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर एक पडदा होता. त्यावर पेशंटच्या नंबरापुढे 'शस्त्रक्रिया सुरू' एवढंच लिहिलेलं. मम्मी जपमाळ ओढत बसली. मी काही करू शकत नव्हते आणि मला ते जमत नाही. म्हणून मी मुद्दा नऊवर पत्रक लिहायला घेतलं. वर प्रश्न लिहिला: 'रक्त कोणाचं?' पुढे लिहिणार इतक्यात आतल्या दारातून ती मुलगी बाहेर आली. हातात छोटा स्टँड, त्यात जांभळ्या टोपणाची एक नळी. जवळजवळ पळतच होती.

मी आडवी गेले. "काय झालं आत?"

"मला सांगायची परवानगी नाही."

"नळी कसली ती?"

तिने नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दुसरी," म्हणाली, आणि गेली.

दुसरी. हृदय परत चालू झालं की लगेच घ्यायची ती. मम्मीला मी सांगितलं तेव्हा ती रडली. सर्जन बाहेर येऊन तेच सांगायला पुढे बराच वेळ लागला. पडद्यावर तेव्हाही 'शस्त्रक्रिया सुरू'च होतं. त्या पडद्याबद्दल मी नंतर वेगळं लिहिलंय. पण 'रक्त कोणाचं?' असा मथळा लिहिलेला कागद माझ्या मांडीवर होता आणि त्याच्यापुढे मला एकही ओळ सुचली नाही, हेही खरं.

पुढचे दिवस मला फार मोकळा वेळ होता. अतिदक्षता विभागात दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं सोडायचे. मम्मी इस्पितळाजवळच्या मावशीकडे जाऊन स्वयंपाक करायची. मी त्या मुलीला शोधून काढलं. तळमजल्यावर, रेकॉर्ड रूमच्या मागे, दोन खोल्यांची लॅब. मी भांडायला गेले होते. तिने मला बुटांवर घालायच्या निळ्या पिशव्या दिल्या आणि म्हणाली, "आत येऊन भांडा, दार उघडं ठेवता येत नाही."

आत एक बुटकं मशीन होतं. त्यात ती नळ्या समोरासमोर बसवायची, झाकण लावायची आणि ते गरगर फिरायचं. थांबलं की नळीत लाल खाली बसलेलं आणि वर फिकट पिवळं पाणी. "आम्हाला हे वरचं हवं," ती म्हणाली. "लाल पेशी नकोत. त्यांच्यात त्यांचे स्वतःचे मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. एक पेशी फुटली तरी गोंधळ घालते." मग ते पिवळं ती बारक्या नळ्यांत भरायची आणि एका मोठ्या फ्रीजमध्ये ठेवायची. दारावर लाल आकडे: उणे ऐंशी. दार उघडलं की वाफ पायावर यायची.

मी विचारत सुटले. हृदय बंद कसं करतात? थंड, खारट औषध सोडून. खारट म्हणजे मीठ? एक प्रकारचं मीठच. मग हृदयाच्या पेशी मरतात? काही दुखावतात, काही मरतात, म्हणून तर थंड ठेवतात. आणि हे मायक्रो जे काय ते, ते त्यांच्यातून सांडतं? काही सांडतं, काही पेशी मुद्दाम बाहेर सोडतात, नक्की कुठलं किती ते कोणालाच अजून नीट माहीत नाही. 'कोणालाच माहीत नाही' असं ती इतक्या सहज म्हणायची की मला तिचा हेवा वाटायला लागला. आमच्या कामात असं म्हणायची सोय नसते. व्यासपीठावर 'माहीत नाही' म्हटलं की माईक जातो.

मायक्रोआरएनए म्हणजे काय हे तिने मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मला ते माझ्या धंद्यातून समजलं. पेशीच्या आत मूळ मसुदा असतो, तो बाहेर जात नाही. त्याच्या प्रती निघतात, त्या प्रती वाचून पेशी कामाला लागते. आणि हे बारके तुकडे, फार तर वीस-बावीस अक्षरांचे, जाऊन एखाद्या प्रतीला चिकटतात आणि ती वाटलीच जात नाही. छापून झालेलं पत्रक, पण वाटू नका असा निरोप.

"कोण देतं निरोप?" मी विचारलं.

"पेशीच."

"स्वतःचंच पत्रक स्वतःच दाबते?"

"सारखी. नाहीतर सगळी पत्रकं एकदम वाटली जातील ना."

यावर मी दोन दिवस विचार करत होते.

तिची एक अडचण मला फार आवडली. हृदय-फुप्फुसाच्या मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून एक औषध देतात. ते औषध रक्तात राहतं आणि हिच्या मोजणीच्या मशीनला बिघडवतं. म्हणजे नेमकी जी वेळ बघायची, त्याच वेळचं रक्त मोजू देत नाही. त्यावर आधी दुसरं रसायन घालून ते औषध मोडावं लागतं. तिचं पहिलं वर्ष त्यातच गेलं होतं. "रडले मी," ती म्हणाली. "जेसल पार्कला घरी जाऊन आईला म्हटलं, मी बँकेची परीक्षा देते." अशा रीतीने समजलं की ती आमच्याच भाईंदरची.

एवढं सगळं होऊनही मुद्दा नऊ मला खुपतच होता. पप्पा परत वॉर्डात आले, बोलायला लागले, तेव्हा खोकल्याच्या मध्येच, छातीवर उशी दाबून, त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "ती पोरगी काय बोलली? मार बसला का?" मी म्हटलं, ती सांगू शकत नाही. त्यांनी उशी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "सर्जन बोलतो ऑपरेशन मस्त झालं. तो झडपीचं बोलतो. मी हार्टचं विचारतो. आता मी बोटीवर जानार, सात-आठ पोरांचा जीव माज्यावर असनार. आतनं तो बरा हाय का न्हाय, मना समजाया नको?"

तपासण्या त्यांच्या होतच होत्या, आणि बोटीवर कधी जायचं ते त्या तपासण्यांवरून डॉक्टरच ठरवणार होते, हे त्यांनाही माहीत होतं. पण त्यांना त्यांच्या त्या चौऱ्याहत्तर मिनिटांचं हवं होतं. त्या वेळी काय झालं आणि ते भरून निघालं का, एवढंच.

मी पत्रक फाडलं आणि संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीला अर्ज लिहिला. सवयीने तीन मागण्या. एक: सहभागी माणसाने लेखी मागितलं तर त्याचा स्वतःचा आलेख त्याला दाखवावा. दोन: महिन्यानंतरचं रक्त घ्यायला तुम्ही घरी या, छातीचं हाड तारेने बांधलेला माणूस चौकातून मुंबईला का धक्के खात येईल? तीन: पाच वेळा म्हणजे पाच वेळा, सहावी सुई कुठल्याही कारणाने टोचणार नाही, असं लेखी द्या.

तिसरी मागणी खरं तर गरजेची नव्हती. पण दोन मागण्यांचा अर्ज अर्धवट दिसतो.

समितीने तिन्ही मान्य केल्या. मी इतकी चाट पडले की ते पत्र मी बसमध्ये उभ्यानेच दोनदा वाचलं. आलेख दाखवू, पण डॉक्टरांसमोर, आणि त्यावरून उपचार ठरवायचे नाहीत असं लिहून घेऊन. घरी येऊ. पाचपेक्षा जास्त नमुने घेणार नाही. सही, शिक्का. गावात मी ते पत्र चार जणांना तरी दाखवलं.

घरी मम्मी विचारायची, त्या बाटल्यांचं पुढे काय करतात? मी तिला सांगितलं: रक्त घेतात आणि उणे ऐंशीला गोठवून ठेवतात. मम्मीचं सगळं आयुष्य मासळी आणि बर्फात गेलंय. तिने लगेच विचारलं, "उने ऐंशी? एवडा थंड बर्फ कुटं मिलतो?" मी फ्रीजचं सांगितलं. तिने मान डोलावली. आदराने.

महिना झाला आणि ती मुलगी आली. भाईंदर स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजीवाल्याकडे तिने फिरवायचं मशीन तासाभरासाठी ठरवलं होतं. आमच्याकडून बसने तिथे, तिथे रक्त फिरवायचं, मग पिवळं पाणी घेऊन मुंबई. सगळं पद्धतशीर. साडेअकराला तिने पप्पांच्या दंडाला पट्टा बांधला. पप्पा सुईकडे टक लावून बघत होते. नळी भरली, तिने ती पाच-सहा वेळा हळूच उलटसुलट केली आणि तिचा स्टँड बॅगेतून काढायला वाकली.

"ते ऱ्हाऊ दे, पयले जेव," मम्मी म्हणाली.

"नको काकी, मला दोन तासांत..."

"दोन तास? भाईंदर पाऊन तासावर हाय. माज्या घरातनं उपाशी जानार तू? ह्याच्या अंगातलं रक्त घेतलंस नि माज्या हातचा भात न्हाय घेनार?"

मुलीने घड्याळ बघितलं. तिने नळी खिडकीजवळच्या स्टीलच्या पेल्यात उभी ठेवली आणि जेवायला बसली. बोंबलाचं कालवण, भात, तांदळाची भाकरी. पप्पांनी तिला पडवीतून किनाऱ्याकडे हात करून कुठली बोट कोणाची ते सांगितलं, मग मी तिला हृदयाच्या पेशींबद्दल आणखी काही विचारलं, आणि तिने खाता खाता उत्तर दिलं. मजेत चाललं होतं सगळं. पाऊण तास गेला.

ती हात धुऊन आली तर मम्मी दारात उभी. हातात थर्माकोलचा डबा, वरून खाकी टेप मारलेली, मार्केटला माल पाठवताना मारतात तशी चारही बाजूंनी.

"घे. तुजा माल पॅक हाय. उघड्यावर ठेवलेलास, एवड्या गरमीत. बर्फ फोडून घातलाय, नि बर्फावर मीठ पन टाकलंय, म्हंजे थंडी दुप्पट. उने ऐंशी न्हाय, पन जेवडं जमलं तेवडं."

मुलीने डबा घेतला. नखाने टेप सोडवली. बर्फात हात घालून नळी काढली, उजेडात धरली. आत रक्त हललं नाही. घट्ट, गडद, काचेला चिकटलेलं.

"काय झालं?" मम्मी म्हणाली. "थंड न्हाय झालं?"

"झालं काकी," ती म्हणाली. "खूप थंड झालं."

तिने मम्मीला शांतपणे सांगितलं. आधी फिरवायचं, लाल-पिवळं वेगळं करायचं, मग गोठवायचं. सगळं एकत्र गोठलं की लाल पेशी फुटतात, आणि त्यांचं सगळं पोटातलं बाहेर. आता यातून हृदयाचं काही शोधता येणार नाही.

मम्मी माझ्याकडे वळली. "तू बोललीस घेतात नि गोठवतात! बोललीस का न्हाय? मधलं हे फिरवायचं कवा बोललीस?"

नव्हते बोलले. मधलं कापलं होतं. दाराला टेकून मी उभी राहिले.

पप्पांनी बाही वर केली. "एवडं काय त्यात? हा हात हाय, दुसरी घे."

मुलीच्या बॅगेत दुसरी सुई होती, रिकामी नळीही होती. मला दिसत होती. ती म्हणाली, "काका, नाही घेता येणार. समितीने लेखी दिलंय. पाचच."

"कोनी मागितलं होतं लेखी?" पप्पांनी विचारलं. मग त्यांना आठवलं. त्यांनी बाही खाली केली.

"मी रद्द करते," मी म्हटलं. "आत्ता लिहून देते. माझी मागणी होती, मी मागे घेते."

"तुमचा अर्ज होता, पण नियम आता समितीचा आहे," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. माझ्यावर ती पहिल्यांदाच चिडलेली होती, आणि बरोबर चिडली होती. "बैठक महिन्यातून एकदा होते. आणि एक महिन्याचा नमुना म्हणजे चार-पाच दिवस इकडेतिकडे चालतात, त्यापुढे नाही."

मी त्याच दुपारी अर्ज केला. माझ्या आयुष्यातला सर्वात नम्र अर्ज. परवानगी आली, पण मुदत टळून गेल्यावर आली.

त्या दिवसांत घरात कोणी कोणाला दोष दिला नाही, असं मी लिहू शकले असते. पण दिला. मम्मी म्हणायची हिची जीभ, मी म्हणायचे तुझं मीठ, आणि पप्पा दोघींकडे बघून म्हणायचे, "चार तर हायेत ना? चार बघू."

ते चार बघायला आम्ही या जानेवारीत गेलो. लॅबशेजारच्या खोलीत त्या मुलीच्या मार्गदर्शक बाई होत्या, साठीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी आधी कागदावर सही घेतली, की हे बघून औषध बदलायचं नाही, बोटीवर जायचं की नाही तेही ठरवायचं नाही. मग त्या मुलीने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

पडद्यावर पुष्कळ करड्या रेघा होत्या, एकमेकींवरून गेलेल्या, विस्कटलेल्या जाळ्यासारख्या. त्यावर लाल ठिपके. चार.

"हा मायक्रोआरएनए जवळजवळ फक्त हृदयात असतो," ती म्हणाली. "हा पहिला ठिपका तुमचा, ऑपरेशनआधीचा. बघा, तळाला आहे. हा हृदय चालू झाल्यावरचा."

दुसरा ठिपका एकदम वर होता. पप्पा पुढे सरकले. तिसरा त्याच्याही वर. चौथा, दुसऱ्या दिवशीचा, थोडा खाली उतरलेला.

"म्हंजे मार बसला," पप्पा म्हणाले.

"सगळ्यांनाच बसतो," बाई म्हणाल्या. "जास्त बसला की कमी, हे सांगायला अजून माप नाही आमच्याकडे. म्हणून आम्ही निकाल देत नाही. लपवायचं म्हणून नाही."

हे एका वाक्यात मुद्दा नऊखाली तुम्हाला लिहिता आलं नसतं का, असं मी विचारणार होते. विचारलं पण. बाई म्हणाल्या, आलं असतं. आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

पप्पांचं लक्ष नव्हतं. ते पाचव्या जागी बघत होते. तिथे त्यांचा ठिपका नव्हता. मम्मीने पदर तोंडाला लावला. पप्पांनी करड्या रेघांवर बोट ठेवलं, पडद्याला न लावता.

"ही दुसरी मानसं?"

"हो. तुमच्यासारखेच पेशंट. नावं आम्हालाही दिसत नाहीत, फक्त नंबर."

"सगले खाली आलेत."

"बहुतेक."

बहुतेक म्हटल्यावर ते शोधू लागले. एक एक रेघ पकडून उजवीकडे नेत होते, सुटली की परत डावीकडून. वेळ लागला. बाईंनी घड्याळाकडे बघितलं नाही, हे मला आवडलं. शेवटी त्यांचं बोट दोन जागी थांबलं. दोन रेघा महिन्यानंतरही वरच होत्या. बाकीच्या खाली एकत्र झालेल्या, या दोन वेगळ्या.

"हे दोगं?"

बाईंनी मान डोलावली.

"कसे हायेत ते?"

"ते आम्हाला सांगता येणार नाही काका," ती मुलगी म्हणाली.

माझं तोंड उघडलं होतं. का सांगता येणार नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर तयारच असतं. पण रक्त ज्याचं, आकडा त्याचा, हे मीच अर्जात लिहून दिलं होतं. तो नियम पप्पांसाठी होता तसाच त्या दोघांसाठीही होता. मी तोंड मिटलं.

"मी ह्या खालच्यातला का त्या दोगांतला, ते आता समजनार न्हाय," पप्पा म्हणाले. विचारत नव्हते.

"त्या वेळचं नाही समजणार," बाई म्हणाल्या.

"मग आजचं घ्या. आजचं तर समजल?"

बाईंनी चष्मा काढला. "आजचं मोजता येईल. पण ताडून कशाशी बघू? ऑपरेशननंतर एवढ्या महिन्यांनी आम्ही कोणाचंच घेतलेलं नाही."

"मग सगल्यांना परत बोलवावं लागल," पप्पा म्हणाले, जसं खलाशांना सांगतात तसं.

बाईंनी त्या मुलीकडे बघितलं. मुलगी आधीपासूनच त्यांच्याकडे बघत होती. मला वाटतं हे तिच्या डोक्यात आधी येऊन गेलेलं असणार, आणि कोणीतरी नको म्हटलेलं असणार. "नवी परवानगी लागेल," बाई म्हणाल्या. "सहावा नमुना. सगळ्यांना विचारून. येतील ते येतील."

"त्या दोगांना पयले इचारा," पप्पा म्हणाले.

अर्ज गेलाय. या वेळी तो मी लिहिलेला नाही, त्यांनीच लिहिलाय, आठ पानी. मी फक्त मराठी फॉर्म वाचून दिला. परवानगी अजून आलेली नाही. पप्पांची हृदयाची सोनोग्राफी चांगली आली, डॉक्टरांनी पावसाळ्यानंतर बोटीने किनाऱ्याजवळच्या पाण्यात जायला हरकत नाही म्हटलंय. त्यावर त्यांनी फक्त "बरं" म्हटलं. पण दर सोमवारी, चर्चमधल्या मिस्साचा रविवार उलटला की, ते मला त्या मुलीला फोन लावायला सांगतात. आपलं विचारत नाहीत. त्या दोघांशी कोणी बोललं का, तेवढं विचार म्हणतात, आणि मी फोन ठेवेपर्यंत समोर उभे असतात.